खोललेले इंजिन घरी बांधताना : स्प्लेंडरच्या इंजिनाची जुळणी पायरीपायरीने

वडिलांच्या जुन्या स्प्लेंडरचे इंजिन खोलायला मला एक रविवार पुरला आणि बांधायला आठ महिने लागले. या आठ महिन्यांत प्रत्यक्ष पाना हातात होता असे दिवस मोजले तर ते सहा-सातच भरतील. बाकीचा काळ कोणता वॉशर कुठला हे आठवण्यात, चुकीचे पॅकिंग (दोन भागांच्या सांध्यातून ऑइल गळू न देणारा पातळ थर) परत करण्यात आणि एकदा पूर्ण बांधलेले इंजिन पुन्हा खोलण्यात गेला. ज्यांनी उत्साहाने इंजिन खोलले आहे आणि आता बिस्किटांच्या डब्यांतल्या सुट्या भागांकडे पाहत बसले आहेत, त्यांचा हा काळ वाचावा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

स्प्लेंडर १९९४ मध्ये बाजारात आली. तिचे मूळ इंजिन ९७.२ सीसीचे, हवेवर थंड होणारे आणि चार स्ट्रोकचे. बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४९.५ मिमी, सिलिंडर जमिनीला जवळजवळ आडवा आणि कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या टोकावरच्या भागात, टायमिंग चेनवर फिरणारा. होंडाच्या जुन्या लहान इंजिनांच्या घराण्यातली हीच रचना सीडी १०० मध्येही होती. त्यामुळे पुढे लिहिलेला क्रम त्या गाड्यांनाही बहुतांशी लागू पडतो. बुलेट किंवा आरएक्स १०० बांधणाऱ्यांनी यातली शिस्त घ्यावी, खुणा आणि क्रम मात्र घेऊ नयेत.

संपूर्ण लेखात एक नियम पुन्हा पुन्हा येईल. प्रत्येक भाग बसवल्यावर इंजिन हाताने फिरवून पाहावे आणि ते मोकळे फिरल्याशिवाय पुढचा भाग हातात घेऊ नये. माझ्या आठ महिन्यांतले निदान तीन महिने हा नियम न पाळल्यामुळे गेले.

१. सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

कागदांपैकी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुमच्याच मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल आणि भागांची चित्रे असलेला पार्ट्स कॅटलॉग. मॅन्युअल मापे आणि घट्टपणाचे आकडे सांगते, तर कॅटलॉग कोणता वॉशर कोणत्या भागाच्या कोणत्या बाजूला आहे हे दाखवतो. नवख्या माणसाला दुसऱ्याचा उपयोग अधिक होतो. दुकानात जाताना आरसीची प्रत जवळ ठेवावी, कारण एकाच नावाखाली वर्षानुवर्षे विकल्या गेलेल्या गाडीचे भाग सालागणिक थोडेथोडे बदललेले असतात. पुण्यातल्या नाना पेठेत असो वा तुमच्या गावच्या स्पेअरपार्टच्या दुकानात, काउंटरवरचा माणूस पहिला प्रश्न साल कोणते हाच विचारतो.

हत्यारांमध्ये पुढील गोष्टी लागतात :

- ८, १०, १२, १४ आणि १७ मिमीचे रिंग पाने व सॉकेट. शिवाय ८ आणि १० चे टी पाने
- साधारण ५ ते २५ न्यूटन-मीटर दाखवणारा लहान टॉर्क रेंच
- फीलर गेज, व्हर्निअर आणि सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढण्याची पक्कड
- मॅग्नेट (इंजिनाच्या डाव्या बाजूचे चुंबकी चाक) काढण्याचा पुलर आणि मॅग्नेट धरून ठेवण्याचा होल्डर
- चार खाचांच्या लॉकनटासाठीचे सॉकेट
- वॉल्व्हची स्प्रिंग दाबण्याचे हत्यार
- नायलॉनची किंवा रबरी हातोडी, चांगला स्टार स्क्रूड्रायव्हर, इम्पॅक्ट ड्रायव्हर

टॉर्क रेंचबद्दल थोडे अधिक सांगतो. मी आधी एका मित्राचा चारचाकीचा रेंच आणला होता. ज्या रेंचची मोजणीच ४० न्यूटन-मीटरपासून सुरू होते, त्याने ६ मिमीचा बोल्ट आवळणे म्हणजे आटे मारण्याची हमी. या इंजिनावरचे ६ मिमीचे बोल्ट साधारण १० ते १२ न्यूटन-मीटरवर थांबतात आणि ते ॲल्युमिनियममध्ये बसतात. ॲल्युमिनियमचे आटे जाताना आवाज करत नाहीत. बोल्ट आवळला जात असताना एकाएकी हाताला हलका लागतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

नवीन घ्यायच्या वस्तूंमध्ये संपूर्ण पॅकिंग संच, सगळी ऑइल सील, ओ-रिंगा आणि पिस्टनचे सर्क्लिप ही नावे न वगळता लिहावीत. जुने सर्क्लिप चांगले दिसतात म्हणून पुन्हा वापरण्याचा मोह होतो, पण दहा-वीस रुपयांची ही काटकसर नवा बोअर खाऊन टाकू शकते.

क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे दोन अर्ध्या भागांचे मुख्य कवच, फुटलेली असेल तर जुन्या बाजारातून दुसरी आणून बसवण्यापूर्वी थांबावे. इंजिन क्रमांक क्रँककेसवरच कोरलेला असतो, म्हणजे केस बदलली की कागदोपत्री इंजिनच बदलले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील बदलांविषयी आहे. असा बदल परिवहन कार्यालयाकडून आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो. ज्या केसबरोबर विक्रीची पावती आणि मूळ गाडीचे कागद मिळत नाहीत, ती कितीही स्वस्त असली तरी घरी आणू नये.

२. सफाई आणि मांडणी

बांधणीचा पहिला दिवस पूर्णपणे सफाईचा समजावा. सुटे भाग डिझेलमध्ये किंवा रॉकेल मिळाले तर रॉकेलमध्ये धुवावेत. पेट्रोल वापरू नये, विशेषतः बंद खोलीत. जुने पॅकिंग केसच्या कडांना चिकटलेले असते. ते ब्लेड उभे धरून खरवडू नये, कारण ॲल्युमिनियमवर पडलेली एक रेघ पुढे कायम ऑइल पाझरवते. पॅकिंग डिझेलने भिजू द्यावे आणि ब्लेड आडवे धरून सावकाश सोलावे.

ऑइल जाण्याची प्रत्येक वाट, म्हणजे केसमधली, ब्लॉकमधली (सिलिंडरच्या भागातली) आणि हेडमधली बारीक छिद्रे, दाबाच्या हवेने मोकळी करून घ्यावीत. पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर या कामाला पुरतो. एका टोकाने हवा मारावी आणि दुसऱ्या टोकाला बोट धरून ती येते का ते पाहावे.

त्यानंतर जुनी चादर पसरून भाग ज्या क्रमाने बसणार त्या क्रमाने मांडावेत आणि कॅटलॉगमधल्या चित्राशी एकेक ताडून पाहावेत. जो भाग चित्रात आहे पण चादरीवर नाही, तो आजच शोधावा. फॅन आणि वर्तमानपत्र यांना कामाच्या जागेपासून दूर ठेवावे; फॅनने धूळ येते आणि वर्तमानपत्राचे तंतू ऑइलला चिकटतात. पुसायला धुतलेल्या सुती धोतराची किंवा साडीची चिंधी सर्वांत चांगली, कारण तिचे सूत सुटत नाही.

३. घरी न करण्याची कामे

क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा), त्याला पिस्टनशी जोडणारा कनेक्टिंग रॉड आणि क्रँकपिन हे तिन्ही प्रेसने दाबून जोडलेले असतात. रॉड धरून वर-खाली हलवल्यावर खडखड जाणवली, तर रॉडचा संच बदलावा लागतो. त्यासाठी हायड्रॉलिक प्रेस आणि नंतर डायल गेज लावून क्रँक सरळ करणारा जाणता हात लागतो. रॉड डावी-उजवीकडे किंचित सरकतो ते योग्यच आहे; नवखे लोक त्यालाच बिघाड समजतात.

ब्लॉकचेही तसेच. बोअर झिजला असेल तर तो वाढवून ओव्हरसाइझ पिस्टन बसवावा लागतो. हे पिस्टन सामान्यतः ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अशा टप्प्यांत मिळतात. बोअर करणाऱ्याकडे ब्लॉक एकटा देऊ नये. पिस्टन आधी विकत घ्यावा आणि ब्लॉकबरोबर तोही द्यावा, म्हणजे तो त्या पिस्टनला मापून बोअर करतो. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम करून घेतले. तिथल्या वयस्क मिस्त्रींनी काम झाल्यावर कोरडा पिस्टन रिंगांशिवाय बोअरमध्ये सोडून दाखवला. तो धपकन पडला नाही आणि अडकलाही नाही, स्वतःच्या वजनाने सावकाश उतरत गेला. ते पाहिल्यावर ‘क्लिअरन्स’ (पिस्टन आणि बोअर यांमधली फट) या शब्दाचा अर्थ मला मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा अधिक नीट कळला.

ब्लॉक घरी आणल्यावर तो गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवावा. होनिंगनंतर, म्हणजे बोअर दगडाने घासल्यावर, त्याच्या बारीक रेघांमध्ये दगडाची पूड राहते आणि ती डिझेलने निघत नाही. पांढरी चिंधी आतून फिरवल्यावर ती पांढरीच बाहेर येईपर्यंत धुवावे आणि लगेच ऑइलचा हात द्यावा, अन्यथा तासाभरात तांबूस गंज धरतो.

४. बेअरिंग, क्रँक आणि गिअर

बेअरिंग केसमध्ये ठोकून बसवू नये. केसचा तो अर्धा भाग सुमारे १०० अंशांपर्यंत गरम करावा; पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र होऊन उडाला म्हणजे पुरे. बेअरिंग आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवलेले असले की ते बहुधा आपल्या वजनानेच बसते. घरातल्या स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये केस तापवायची असेल तर ती आधी निर्मळ धुतलेली असावी, आणि घरच्यांची परवानगी घ्यावी. मी दुसरी अट पाळली नव्हती. दाब द्यायचाच झाला तर तो बाहेरच्या कड्यावर द्यावा. आतल्या कड्यावर हातोडी पडली की गोळ्यांच्या वाटेत खड्डे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणते.

यानंतर एका अर्ध्या केसमध्ये क्रँक, गिअरच्या दोन्ही शाफ्ट, गिअर ड्रम (गिअर बदलणारा दंडगोल) आणि फोर्क (गिअर सरकवणारे काटे) बसवावेत. शाफ्ट सुट्या सुट्या न बसवता दोन्ही एकमेकींत गुंतवून, एका मुठीत धरून एकदमच सोडाव्यात. प्रत्येक घासणाऱ्या जागी स्वच्छ इंजिन ऑइल लावावे.

पहिला मोठा सापळा इथे आहे. शाफ्टच्या टोकांवरचे पातळ थ्रस्ट वॉशर इंजिन खोलताना ऑइलमुळे केसच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात आणि धुताना कुठेतरी गळून पडतात. माझा असा एक वॉशर डिझेलच्या बादलीच्या तळाशी गाळात होता आणि तो इंजिन बांधून झाल्यावर मिळाला. एक मिलिमीटरही जाड नसलेल्या त्या चकतीसाठी मी संपूर्ण इंजिन पुन्हा खोलले. म्हणून धुण्याची बादली ओतण्यापूर्वी तिच्यातून चुंबक फिरवावे.

आता एका हाताने शाफ्ट फिरवत दुसऱ्या हाताने ड्रम एकेक टप्पा पुढे न्यावा. चारही गिअर आणि न्यूट्रल पडले पाहिजेत. शाफ्ट न फिरवता ड्रम ढकलल्यास गिअरचे दात समोरासमोर येऊन अडतात. त्यात दोष काहीच नसतो, पण नवखा माणूस जोर लावतो आणि फोर्क वाकवतो.

५. केसचे दोन भाग जोडणे

दोन्ही डॉवेल पिना (दोन भाग नेमके जुळवणाऱ्या पिना) जागेवर आहेत का ते पाहून नवे पॅकिंग ठेवावे. कडा चांगल्या असतील तर पॅकिंग कोरडे किंवा बोटाने ग्रीसचा पुसट हात देऊन बसवावे. सिलिकॉनचा जाड थर देण्याची पद्धत अनेक गॅरेजांत दिसते. मला ती नापसंत आहे, कारण दाबला गेलेला सिलिकॉन आतल्या बाजूलाही तितकाच बाहेर येतो, तुटतो आणि ऑइलच्या जाळीत जाऊन बसतो.

वरचा भाग सरळ खाली आणावा आणि नायलॉन हातोडीने चहूबाजूंनी हलके टकटक करावे. दोन भागांत चार-पाच मिलिमीटर फट राहून काम अडले की स्क्रू लावून ती ओढून घ्यावीशी वाटते. मी तेच करत असताना उद्यमनगरचे ते मिस्त्री शेजारी उभे होते. ते म्हणाले, “सायेब, बोल्ट धरायला असतोय, वडायला न्हवं.” अडण्याचे कारण बहुधा तिरकी झालेली शाफ्ट किंवा जागा सोडलेला वॉशर हेच असते. वरचा भाग काढावा, पाहावे, पुन्हा बसवावा.

फट पूर्ण मिटल्यावरच स्क्रू लावावेत. त्यांची लांबी वेगवेगळी असते. पुठ्ठ्यावर केसची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवला असेल तर उत्तम. नसेल तर प्रत्येक स्क्रू भोकात सोडून पाहावा. सगळ्यांची डोकी सारख्याच उंचीवर राहिली पाहिजेत. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तो तळाला टेकतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि केस मात्र सैल राहते. आवळताना मधून बाहेरच्या दिशेने, समोरासमोरचे धरत, दोन-तीन फेऱ्यांत आवळावे.

आता क्रँक फिरवावा. तो जड वाटल्यास क्रँकच्या दोन्ही टोकांवर नायलॉन हातोडीने आळीपाळीने एकेक हलकी चापट द्यावी. जोडताना बेअरिंगवर पडलेला आडवा ताण बहुधा तेवढ्याने सुटतो. तरीही जडच राहिला, तर उद्या सकाळी केस पुन्हा उघडायची आहे असे समजून झोपावे.

एक बारीक काम बहुतेक जण विसरतात. जिथे ब्लॉक बसतो त्या तोंडाशी केसच्या पॅकिंगची कड थोडी वर आलेली असते. ती धारदार ब्लेडने तळाशी सपाट कापावी. ती तशीच राहिली तर ब्लॉकखालचे पॅकिंग त्या जागी उचलले जाते आणि तिथून ऑइल पाझरत राहते.

६. उजवी बाजू : ऑइल पंप आणि क्लच

ऑइल पंपात बसवण्यापूर्वी थोडे ऑइल भरून तो हाताने फिरवावा. तळाची जाळी आणि क्रँकच्या टोकावरची गोल फिल्टरची वाटी उघडून आतला काळा, मेणासारखा गाळ काढावा. कापडी किंवा कागदी फिल्टर या इंजिनात नसतो. गाळ वेगाने फिरून वाटीच्या भिंतीला चिकटतो आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतो.

क्लचच्या नव्या प्लेट रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवाव्यात. चार खाचांचे लॉकनट छिन्नी-हातोडीने ठोकून आवळण्याचा प्रकार सर्रास चालतो, तो घरी करू नये. त्यांचे सॉकेट फारसे महाग नसते. नट आवळताना गिअर फिरू नयेत म्हणून दोन दातांमध्ये तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा अडकवावा, लोखंडाचा नव्हे. क्लच स्प्रिंगांचे बोल्ट तिरपे-समोरासमोर थोडे थोडे आवळावेत.

७. डावी बाजू : टायमिंग चेन आणि मॅग्नेट

टायमिंग चेन आधी क्रँकच्या दातांवर चढवावी आणि वरच्या टोकाला तार बांधून ती बाहेर टांगावी. यापुढे क्रँक फिरवताना दर वेळी चेन ताणून धरावी. ती सैल सोडून फिरवल्यास खाली गोळा होऊन दातांत अडकते.

क्रँकच्या खाचेत अर्धचंद्राकृती चावी बसवून मगच मॅग्नेट चढवावा. चढवण्यापूर्वी त्याची आतली बाजू उजेडात धरून पाहावी. टेबलावर उताणे ठेवलेले मॅग्नेट बारीकसारीक स्क्रू, वॉशर, लोखंडाचा कीस, काहीही ओढून घेते. माझ्या मॅग्नेटच्या आत सर्क्लिपचा तुटका तुकडा काळ्या ग्रीसखाली दडलेला होता. तो तसाच आत गेला असता तर पहिल्या किकलाच कॉइलची तार कापली गेली असती. नट आवळताना होल्डरनेच धरावे. कुठल्याही फटीत किंवा दातांत स्क्रूड्रायव्हर खुपसू नये.

८. पिस्टन आणि ब्लॉक

रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी एकेक रिंग बोअरमध्ये ठेवून पिस्टनच्या माथ्याने सरळ आत ढकलावी आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मापावी. ५० मिमीच्या बोअरमध्ये वरच्या दोन रिंगांना दोन-तीन दशांश मिलिमीटरच्या आसपास फट असते. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. फटच नसेल तर रिंग तापून फुगल्यावर तिची टोके भिडतात आणि ती बोअर चिरते.

ऑइल रिंग तीन तुकड्यांची असते : मधली नागमोडी पट्टी आणि तिच्या वर-खाली दोन पातळ कडी. ती आधी, मग दुसरी आणि शेवटी वरची रिंग चढवावी. रिंगेवर बारीक अक्षर कोरलेले असते, ती बाजू पिस्टनच्या माथ्याकडे यावी. फटी एका ओळीत न ठेवता साधारण १२० अंशांवर फिरवून ठेवाव्यात.

पिस्टनच्या माथ्यावर ‘इन’ अशी इंग्रजी खूण असते. ती इनटेकच्या (पेट्रोल-हवा आत येण्याच्या) बाजूला, म्हणजे या आडव्या सिलिंडरमध्ये वरच्या बाजूला येते. पिन घालून सर्क्लिप बसवण्यापूर्वी केसचे तोंड चिंधीने ठासून बंद करावे. पकडीतून निसटलेला सर्क्लिप नेमका तिथेच जातो. सर्क्लिपचे तोंड पिस्टनच्या खाचेसमोर येणार नाही असे फिरवावे आणि तो पूर्ण बसला की नाही हे नखाने चाचपावे.

ब्लॉकखालच्या डॉवेल पिना, ओ-रिंग आणि नवे पॅकिंग ठेवून, बोअर आणि रिंगांना ऑइल लावून ब्लॉक सरकवावा. एकाने ब्लॉक धरावा आणि दुसऱ्याने बोटांनी रिंगा दाबाव्यात. हे काम एकट्याने होते, पण शिव्या जास्त लागतात. चेनची तार आधी ब्लॉकच्या बोगद्यातून ओढून घ्यायला विसरू नये. ब्लॉक बसल्यावर तो हाताने दाबून धरावा, चेन ताणावी आणि क्रँक फिरवावा. पिस्टन दोन्ही टोकांपर्यंत सारख्या ओढीने गेला पाहिजे.

९. हेड आणि टायमिंग

वॉल्व्ह घासून बसवल्यावर हेड पोर्टचे तोंड वर येईल असे धरावे आणि पोर्टमध्ये डिझेल ओतावे. पाच मिनिटांत वॉल्व्हच्या कडेने ओल दिसली नाही तर बैठक चांगली आहे. दिसली तर पुन्हा पेस्ट लावून घासावे.

हेड चार स्टडवर बसते. या घराण्यात सगळे नट आणि वॉशर एकसारखे नसतात. ऑइल ज्या स्टडच्या बाजूने वर जाते तिथे तांब्याचा वॉशर असतो. तो चुकीच्या जागी गेला तर हेडवरून ऑइलची धार येते. खोलताना फोटो काढला नसेल तर कॅटलॉगचे चित्र पाहावे. चारही नट तिरपे-समोरासमोर, तीन फेऱ्यांत मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत न्यावेत.

टायमिंग जुळवण्याची रीत अशी :

मॅग्नेटवर इंग्रजी ‘टी’ आणि ‘एफ’ अशा दोन खुणा असतात. ‘टी’ म्हणजे पिस्टन अगदी वर. ‘एफ’ ही ठिणगीची खूण. दोन्ही जवळजवळ असल्यामुळे घाईत चुकीची धरली जाते. चेन ताणून धरत ‘टी’ केसवरच्या खुणेसमोर आणावी. मग कॅमच्या चक्रावरची गोल खूण हेडच्या खाचेसमोर येईल असे चक्र चेनमध्ये बसवावे आणि बोल्ट हलकेच लावावेत.

टेन्शनर बसवून चेनचा ढिलेपणा निघाल्यावर मॅग्नेटच्या नटावर पाना लावून इंजिन डाव्या बाजूने पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवावे. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. दोन फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा पुन्हा जागेवर आल्या पाहिजेत. मधे कुठे ठक्क अडले तर तिथेच थांबावे. जोर लावल्यास पिस्टनला टेकलेला वॉल्व्ह वाकतो. एक दात पुढे-मागे झाल्याचे हे लक्षण असते. खुणा जुळल्यावरच चक्राचे बोल्ट पूर्ण आवळावेत.

१०. टॅपेट

इंजिन थंड असताना, ‘टी’ खूण समोर आणि दोन्ही रॉकर (कॅमच्या जोरावर वॉल्व्ह दाबणाऱ्या लहान दांड्या) सैल अशा स्थितीत टॅपेट, म्हणजे रॉकर आणि वॉल्व्ह यांमधले अंतर, लावावेत. रॉकर आवळलेले असतील तर तुम्ही एक फेरा चुकला आहात. क्रँक आणखी एकदा फिरवावा. अशा लहान इंजिनांत हे अंतर ०.०५ ते ०.१० मिमीच्या दरम्यान असते, नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. फीलरची पाती हलक्या ओढीने सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मापावे. टॅपेटचा थोडा आवाज चालतो. आवाज मुळीच येऊ नये म्हणून अंतर संपवून टाकल्यास वॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो.

११. पहिली सुरुवात

ठरलेल्या ग्रेडचे नवे ऑइल भरावे आणि गेजवर पातळी पाहावी. प्लग काढून तो कॅपमध्ये घालावा आणि त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून ठेवावे. प्लग अधांतरी ठेवून किक मारल्यास सीडीआय (ठिणगीची वेळ साधणारा इलेक्ट्रॉनिक भाग) आणि कॉइलवर ताण येतो. अशा स्थितीत तीस-चाळीस किक माराव्यात, म्हणजे ऑइल वर चढते.

मग प्लग लावून इंजिन सुरू करावे. जुळणीच्या वेळी लावलेले ऑइल जळत असल्यामुळे पहिली काही मिनिटे धूर येतो, त्याने घाबरू नये. इंजिन मंद चालत असताना टॅपेटचे एक झाकण किंचित सैल करावे. थोड्याच वेळात तिथे ऑइल दिसायला हवे. दिसले नाही तर इंजिन ताबडतोब बंद करावे, कारण ऑइलशिवाय कॅम फार काळ टिकत नाही.

मी पहिल्या दिवशी पाच मिनिटे चालवून इंजिन पूर्ण थंड होऊ दिले, दुसऱ्या दिवशी हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपासले आणि मगच गाडी रस्त्यावर काढली. पहिले ५०० किमी एकाच वेगाने लांब पल्ला गाठू नये आणि वरच्या गिअरमध्ये इंजिन ओढायला लावू नये. चढावर वेळीच गिअर उतरवावा. मागे माणूस शक्यतो बसवू नये. पहिले ऑइल मी १०० किमीवरच बदलले. ते पांढऱ्या वाडग्यात उन्हात धरल्यावर चंदेरी झाक दिसली. ती नव्या रिंगा आणि बोअर एकमेकांत बसत असल्याची. दुसरे ५०० किमीवर बदलले, तेव्हा ती झाक जवळजवळ गेली होती. त्याच वेळी टॅपेट तिसऱ्यांदा मापले आणि केसभोवतीचे सगळे स्क्रू एकदा पान्याने चाचपले. दोन स्क्रू पाव फेरा सैल मिळाले.